लॉरीची तेलवण

तुलसीराममामा कोणाच्या दारात दिसला, की घरातलं कोणीतरी खुर्ची आणायला धावायचं. 'ये' म्हणायच्या आधी खुर्ची हजर. आणि मामाचं डोकं फिरायचं. "एक पाय गेला, दुसरा हाय ना अजून!" असं म्हणत तो काठीवर भार टाकून तसाच उभा राहायचा आणि खुर्ची बिचारी रिकामी पडायची. खुर्ची आणण्यात सगळ्यात पुढे माझी आई, भगवती. ती मामाची धाकटी बहीण. हट्टीपणात दोघं एका माळेचे मणी, त्यामुळे दर भेटीला खुर्ची यायची आणि दर भेटीला भांडण व्हायचं.

मामा आमच्या बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या शमें ग्रेनिए गावचा. तरुणपणी तो उसाची लॉरी चालवायचा, आणि सांगणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे फारच झोकात चालवायचा. १९६९च्या हंगामात साखर कारखान्याच्या ओल्या रुळावर त्याचा पाय घसरला आणि उसाचा भरलेला डबा डाव्या पायावरून गेला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पायाचं दुःख त्याला होतंच, पण त्याहून मोठं दुःख होतं क्लचचं. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. लाकडी पायाला तो नेमका किती दाबला हे कळत नाही. एकदा त्याने हट्टाने प्रयत्न केला आणि शेजाऱ्याचं कोंबड्यांचं खुराडं पाडलं.

पुढची आठ वर्षं तो अंगणातल्या आंब्याखाली बसून दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त करत राहिला. दुसरे त्या गाड्या चालवत घरी न्यायचे आणि हा बघत राहायचा. एका चुलतभावाच्या लग्नात तर दोघा धटिंगणांनी त्याला खुर्चीसकट उचलून बसमध्ये चढवलं. प्रेमाने चढवलं हो, पण तांदळाचं पोतं चढवावं तसं. खुर्चीशी त्याचं वैर त्या दिवसापासूनचं.

मग १९७७ साली लिलाव झाला. इंग्रजांच्या आरमाराचा तळ आदल्या वर्षी बंद पडला होता आणि तिथलं उरलंसुरलं सामान विकायला निघालं होतं. त्यात एक जुनी लॉरी होती, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. तिचे गिअर आपोआप बदलत. असली लॉरी बिघडली तर बेटावर दुरुस्त कोण करणार, आणि सुटे भाग आणणार कुठून? मामाने दार उघडून खाली वाकून पाहिलं. पेडल दोनच. क्लच नाहीच! मामा सांगतो की तो तिथेच रडला. कुंतीमामी म्हणते रडलाबिडला नाही, नुसतं नाक पुसलं. मला मामाचं खरं वाटतं.

लायसन्सची परीक्षा घेणारा साहेब शेजारी बसला आणि तिसरं पेडल शोधत राहिला म्हणे. मामाने त्याला क्यूरपीप शहराच्या बाजारातून गर्दीच्या वेळी असं फिरवून आणलं की उतरताना साहेबाने आपणहून हात पुढे केला.

तेव्हापासून ती लॉरी म्हणजे मामाचा पाय. गिअरबॉक्स गेला की मामा पुन्हा आंब्याखाली. हे घरात कोणी उच्चारायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मामाचे नियम आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. मी दिवसा शाळेत मास्तरीण आणि संध्याकाळी देवळाच्या सभागृहात मराठीचा वर्ग घ्यायची. माझ्या पोरांना अजून बाराखडी येत नव्हती, तेव्हा त्यांना मामाचे नियम येत होते. गिअरबॉक्सचं तेल लाल असतं. ते इंजिनच्या तेलासारखं गाडी बंद करून मोजायचं नाही. गाडी फिरवून गरम करायची, इंजिन चालू ठेवायचं, हँडब्रेक ओढायचा आणि मगच नळीतली तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची. पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकायचा. डाग स्वच्छ लाल पसरला तर देवाची कृपा. तपकिरी दिसला, करपल्याचा वास आला, तर तेल बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागा सपाट हवी. "उतारावर पट्टी खोटं बोलते," हे मामाचं ब्रह्मवाक्य. नको तितक्या वेळा ऐकवलेलं.

१९८४च्या मे महिन्यात मामाच्या मुलाचं, देवानंदचं लग्न ठरलं. मुलगी चंद्रिका, उत्तरेकडच्या प्लेन दे पपायची. आम्ही बेटाच्या दक्षिण टोकाला, ते उत्तर टोकाला. भारतातले वाचक हसतील, पण हे सत्तर किलोमीटरचं अंतर आमच्यासाठी लांबचा प्रवास होता. आमच्या गावातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी उत्तरेचा समुद्र कधी पाहिला नव्हता. वाटेत चढ मोठा. किनाऱ्यावरून निघून ग्रां बुआवरून वर क्यूरपीपच्या पठारावर चढायचं आणि पलीकडे राजधानी पोर लुईला उतरून पुढे उत्तरेला जायचं.

मुलीचे वडील हरिप्रसाद बोलणी पक्की करायला आले, तेव्हा त्यांच्यासाठी आणि मामासाठी खुर्च्या मांडल्या. हरिप्रसाद बसले. मामा उभाच. चहा पिता पिता हरिप्रसादांनी एकदा मामाच्या पायाकडे पाहिलं, एकदा आंब्याखालच्या लॉरीकडे पाहिलं, आणि फार मायेने म्हणाले, "तुलसीरामभाऊ, पल्ला लांबचा हाय. तुम्ही कशाला तरास घेता? आम्ही बस धाडतो ना."

मायेने बोललेलं माणसाला जास्त लागतं. मामा म्हणाला, "माझ्या पोराची वरात माझ्या कामियोंतून येईल. नि चालवीन मी." कामियों म्हणजे आमच्या क्रियोलमधली लॉरी. हरिप्रसादांनी उरलेला चहा संपवला. ते गेल्यावर मात्र घरात दोन दिवस वादळ. मामी म्हणाली, एक बस मागून येऊ दे, बिघडलंच तर असावी. मामा म्हणाला, बस मागून आली तर मी पुढून जाणार नाही. देवानंद एवढंच म्हणाला, "पापाच्या कामियोंतूनच जाणार मी." तेवढ्यावर विषय संपला.

मग तयारी सुरू झाली. नवऱ्या मुलाची नाही हो, लॉरीची! देवानंदच्या सुटाचं कापड अजून शिंप्याकडे पडलेलं, आणि मामा पोर लुईला जाऊन लाल तेलाचे डबे शोधतोय. एका दुकानात शेवटचे दोन मिळाले. गुरुवारी सकाळी सपाट अंगणात त्याने तेल बदललं. लॉरीखाली सरपटत जाऊन गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट सोडला, जुनं तेल टबात घेतलं, तळाची पत्र्याची परात उतरवली. परातीत साठलेला गाळ चिमटीत धरून बोटांनी चोळला. धातूचा चुरा किती निघतो यावरून त्याला आतली तब्येत कळायची. "थोडाच हाय. म्हातारी चांगली हाय," त्याने खालूनच जाहीर केलं, आणि मामीने चुलीपाशी हात जोडले. तेल गाळणारी जाळी धुतली, बुचाच्या पातळ तावातून नवीन पॅकिंग कापलं, परात बसवली, बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले. नवं तेल ओतून इंजिन चालू केलं, गिअरचा दांडा प्रत्येक खाचेत नेऊन जरा जरा थांबला, शेजारच्या सुइयाक गावापर्यंत एक चक्कर मारून आला आणि पट्टी पाहिली. बरोबर खुणेवर. फडक्यावरचा डाग जास्वंदीसारखा लाल. त्या दुपारी मामा दोन ताटं जेवला.

जुनं तेल त्याने रमच्या सहा रिकाम्या बाटल्यांत भरून आंब्याखाली ठेवलं. टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यातली एक बाटली लगेच फाटकाच्या बिजागऱ्या आणि शेजाऱ्यांचे कोयते यांच्यावर खर्ची पडली.

शुक्रवारी अंगणात मांडव पडला. बांबू, माडाच्या झावळ्या, रंगीत कागदाच्या पताका. लॉरीला बाहेर रस्त्यावर जावं लागलं, आणि आमच्या गल्लीचा रस्ता म्हणजे नुसता उतार. मामा कुरकुरला, पण मांडवापुढे कोणाचं चालतं?

शनिवारी हळद. हळदीआधी आमच्याकडे नवऱ्या मुलाची तेलवण करतात. पाच सुवासिनी आंब्याची पानं हळदीच्या तेलात बुडवून त्याच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना आणि शेवटी डोक्याला लावतात. गाणी म्हणतात, चिडवाचिडवी करतात. माझी आई यातली पुढारी. देवानंदची तेलवण झाली. तेल उरलं, गाणी उरली, आणि आईचा उत्साह तर कधीच संपत नाही.

त्याच वेळी बाहेर मामा लॉरीला सहज म्हणून बघायला गेला होता. बघण्यासारखं काही नव्हतं, पण आई जशी तान्ह्या पोराला उगाच हात लावून बघते, तसं त्याचं चाललेलं. त्याने बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या नळीतून पट्टी काढली, कडेला कोरं पांढरं फडकं पसरून त्यावर पट्टी ठेवली. तेवढ्यात भटजींनी आतून हाक मारली, मुलाच्या बापाला बोलवा म्हणून. मामा नळी उघडी टाकून आत गेला. सात वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. पण पोराचं लग्नही काही रोज नसतं.

तासाभराने तो परत आला तेव्हा मी फाटकात पताका बांधत होते. लॉरीच्या चारी चाकांना हळद लागलेली. दोन्ही दिव्यांना कुंकू. बॉनेटवर आंब्याची पानं. मामाला हसू आलं. मग त्याने नळी पाहिली. नळीच्या तोंडाला पिवळा ओघळ. त्याने पट्टी पुसली, आत घातली, बाहेर काढली. लाल तेलावर हळदीचे पिवळे कण.

"भगवती!"

आई पदराला हात पुसत आली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बघितलंस? तुझ्या कामियोंची पण तेलवण केली. पाच जणींनी, रीतीने. उद्या वरात हीच नेणार, मग हिला नको?"

"नळीत काय ओतलंस?"

"एकेक चमचा. तू तोंड उघडं ठेवलंस, खाली कोरं फडकं पण पसरलंस. मला वाटलं, तुझ्या मनात हाय पण बोलायला लाजतोस."

मामा ओरडेल म्हणून मी कान बंद करायच्या तयारीत होते. तो ओरडला नाही. त्याचा चेहराच उतरला. आईने सवयीने खुर्ची आणून त्याच्यामागे ठेवली, आणि मामा खाली बसला. खुर्चीवर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते पाहून आईच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत बारीक बारीक भोकं हायत, भगवती," तो हळू आवाजात म्हणाला. "केसाएवढी. हळद त्यात गेली की उद्या चढावर ही उभी राहील. नि मग परत कधी चालेल का नाय, मला नाय माहीत."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आयो, मी काय केलं रे हे!"

मामाने तिच्याकडे पाहिलं. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी त्याला कधीच सोसलं नाही. "अजून इंजिन चालू नाय केलं," तो उठत म्हणाला. "हळद तळाशी परातीतच असेल, वर चढली नसेल. पोट धुवायचं. ऊठ, टब आण."

मग काय, लग्नघर सगळं लॉरीभोवती. चाकांना दगड लावून मामा खाली शिरला. पाचही सुवासिनी हळदीचे हात घेऊन भोवती उकिडव्या बसल्या आणि मागेल तो पाना, मागेल ती पक्कड हातात देऊ लागल्या. देवानंदही धावत निघाला होता, पण हळद लागलेल्या मुलाने मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मामीने त्याला दारातच अडवलं. तो पिवळाधमक झालेला मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला आणि तिथूनच ओरडत होता, "पापा, जाळी धुतली का? नळी पुसली का?" नळी पुसायला मामाने लांब तारेला फडकं गुंडाळलं आणि सात वेळा फिरवलं. सातव्यांदा फडकं पिवळं निघालं नाही.

आता प्रश्न नव्या तेलाचा. ते होतंच कुठे? दोन्ही डबे संपलेले, शनिवारची दुपार कलत आलेली, पोर लुईचं दुकान बंद. राहिल्या आंब्याखालच्या जुन्या तेलाच्या पाच बाटल्या. मामाने एकेक बाटली उन्हात धरून पाहिली, वास घेतला, फडक्यातून गाळली आणि आत ओतली. "करपलेलं नाय. उद्यापुरतं चालेल," तो म्हणाला. टबातलं हळदीचं तेल त्याने फेकून द्यायला सांगितलं. आईने टब उचलून परसात नेला.

मग मामाने सुइयाककडे एक चक्कर मारली, परत येऊन गल्लीत लॉरी उभी केली आणि चालू इंजिनवर पट्टी काढली. खुणेवर होती. मी म्हटलं, "मामा, इथे उतार हाय. पट्टी खोटं बोलते ना?"

"सपाट जागा तुमच्या मांडवाने खाल्ली," तो खेकसला. "दिसतंय मला बरोबर."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगणात मांडव होता आणि रस्ता खरोखरच वाकडा. सहा बाटल्या निघाल्या आणि पाच गेल्या, हा हिशोब माझ्या वर्गातल्या पोरानेही मांडला असता. पण मामा दमला होता, दिवे लागायची वेळ झाली होती, आणि पट्टीवरची खूण त्याला हवी तिथे दिसत होती. मीही पुढे बोलले नाही. मामाशी वाद घालायला मला तेव्हा पगार मिळत नव्हता.

रविवारी सकाळी साडेसहाला देवळापुढे नारळ फोडला आणि वरात निघाली. मुहूर्त अकराचा. मागे बाकड्यांवर तीसेक माणसं, फळांच्या टोपल्या, ढोलकी, झांजा. पुढे मामा, शेजारी पांढऱ्या सुटात बाशिंग बांधलेला देवानंद, आणि खिडकीशी मी, कारण मुलाची करवली मीच. मामाने पांढरा सदरा घातला होता आणि डोक्याला गुलाबी फेटा. लाकडी पाय डावीकडे नीट ठेवलेला. त्या पायाला त्या गाडीत काही कामच नव्हतं.

सुइयाक गेलं, रिव्हिएर देझांगी गेलं. मागे बायकांनी सूर धरला होता. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच समुद्राची पट्टी, आणि म्हातारी लॉरी गुणगुणत चाललेली. गिअर बदलायची तेव्हा धक्का नाही की काही नाही. मामा माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

ग्रां बुआचा चढ लागला आणि इंजिन एकाएकी मोठ्याने ओरडलं. ओरडलं, पण लॉरी पुढे जाईना. आवाज वाढतोय आणि वेग कमी होतोय. मग एक हिसका बसला, जरा ओढलं, आणि पुन्हा नुसता आवाज. मागची गाणी थांबली. मामाने दांडा खालच्या खाचेत ओढला आणि कशीबशी गाडी वर रेटून एका दुकानासमोरच्या मैदानात आणली. मैदान सपाट होतं.

मामाने सगळं नियमाने केलं. इंजिन चालू ठेवलं, हँडब्रेक ओढला, उतरला, बॉनेट उघडलं, पट्टी काढली. तेल पट्टीच्या अगदी टोकाला लागलेलं, खुणेच्या कितीतरी खाली. मी त्याच्या शेजारी उभी होते. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उतार," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. पण हे मी मनात म्हटलं. तेल कमी असताना चढ घेतला तर गिअरबॉक्स जळणार. थांबलो तर मुहूर्त जाणार. आणि बस बोलवायची तर हरिप्रसादांकडे निरोप धाडायचा, की तुमचं खरं होतं, या आणि आम्हाला घेऊन जा. मामा बंपरला टेकला. "एक बाटली," तो म्हणाला. "एक बाटली लाल तेल असतं ना, मी हिला पठारावर नेली असती."

मागून आई उतरत होती. हातात फळांची टोपली. तिने केळी बाजूला केली, सफरचंदं बाजूला केली, आणि खालून रमची एक बाटली काढली. बाटलीत लाल तेल. स्वच्छ, आरपार दिसणारं.

"रागावू नको," ती म्हणाली. "कालचं हाय. नवं कोरं तेल, मला टाकवेना. रात्रभर पातेल्यात ठेवलं, हलवलं नाय. हळद सगळी खाली बसली. सकाळी वरचं निवळ तेल ओतून घेतलं, नि सात पदरी मलमलीतून गाळलं. दोनदा. घरी दोन बाटल्या अजून हायत."

"नि वरातीत कशाला आणलंस?"

"तेलवणीचं तेल हाय. वाटलं, शकुनाचं बरोबर असावं."

काखेत कळसा, गावाला वळसा! मामाने बाटली उन्हात धरली. हलवली. वास घेतला. मग हात पुढे केला, "रुमाल." देवानंदने खिशातला लग्नाचा पांढरा रेशमी रुमाल काढून दिला. मामाने त्यावर एक थेंब टाकला. आम्ही तीस माणसं, काही खाली उतरून, काही वरूनच वाकून, त्या रुमालाकडे बघत होतो. दुकानदारही गिऱ्हाईक सोडून आला. डाग हळूहळू पसरला. लाल. कडेला पिवळं काही नाही, कण नाही. मामाने बोटाने चोळून पाहिलं. पुन्हा चोळलं. घालू की नको, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. सात वर्षं त्याने या नळीत कोणाला श्वाससुद्धा घेऊ दिला नव्हता.

"पाच चमचे खोबरेल आत राहणारच," तो स्वतःशीच म्हणाला. मग आईकडे बघून अचानक हसला. "राहू दे. म्हातारीचे सांधे दुखतच असतील. कालच्या पाच जणी कुठं हायत? या खाली!"

सुवासिनी खाली उतरल्या. मामाने वहीच्या कागदाचं नरसाळं करून नळीत धरलं. "आता करा तेलवण. रीतीने. पण हळद नाय, कुंकू नाय, फक्त तेल. नि मी थांब म्हटलं की थांबायचं." आईने पहिली धार धरली. मग एकेक जण. बायकांना राहवतंय का, त्यांनी तेलवणीचं गाणं सुरू केलं. चालू इंजिनच्या आवाजात तीस माणसांनी ते उचललं, दुकानदाराने तराजूच्या तबकडीवर ताल धरला. मामा दर धारेनंतर पट्टी बघत होता आणि ओठांनी गाणं म्हणत होता. बाटलीत दोन बोटं तेल उरलं तेव्हा तो म्हणाला, "थांब." पट्टी बरोबर खुणेवर होती, आणि जागा सपाट होती.

उरलेला चढ लॉरीने असा घेतला की आम्हाला कळलंही नाही. नुव्हेल फ्रांस गेलं, क्यूरपीपला नेहमीसारखी भुरभुर लागली, बायकांनी फळांच्या टोपल्यांवर पदर धरले. पुढे लॉरी आणखी पाच हंगाम चालली. दर वर्षी मे महिन्यात तेल बदललं की पाच सुवासिनींना बोलावणं यायचं. चाकांना हळद, दिव्यांना कुंकू. आणि नळीच्या तोंडावर तेवढा वेळ मामाचा हात.

त्या दिवशी अकराला पंधरा मिनिटं असताना आम्ही प्लेन दे पपायला पोचलो. हरिप्रसादांच्या दारात सगळं गाव जमलेलं. मामाने तीन लांब भोंगे वाजवले आणि लॉरी मांडवाच्या दारात अशी लावली की चाकाजवळचं फूलसुद्धा चुरगळलं नाही. दार उघडून, काठी टेकत, फेटा सावरत तो उतरला. हरिप्रसाद धावत पुढे आले. त्यांच्या मागे दोन पोरं खुर्ची घेऊन येत होती. चांगली खुर्ची, हात असलेली, वर गादी घातलेली. पाहुण्याच्या मानाची. पण मामाने ती पाहिली आणि त्याची पावलं जागीच थांबली.

मी आईकडे पाहिलं. आयुष्यभर ती मामासाठी खुर्ची घेऊन धावली होती. या वेळीही तीच धावली. गर्दीतून वाट काढत ती पोरांपर्यंत पोचली, त्यांच्या हातातली खुर्ची घेतली, दारात मांडली, आणि स्वतःच त्यावर ऐसपैस बसली.

"हुश्श," ती हरिप्रसादांना म्हणाली. "आम्ही नुसतं बसून आलो हो, तरी दमलो. माझा भाऊ चालवत आला, त्याला सवय हाय. तो उभा राहील."

मामाने एकदा बहिणीकडे पाहिलं. मग हरिप्रसादांना मिठी मारायला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून त्याने काठी तिच्या मांडीवर ठेवली.